‘फ्लेग्मॅटिक’ : एका थंड शब्दाची कुळकथा

गेल्या वर्षीं वर्गांतील विद्यार्थ्यांना एक इंग्रजी उतारा मराठींत उतरवून आणण्यास मीं सांगितलें होतें. उताऱ्यांत एका वृद्ध न्यायाधीशाचें वर्णन होतें, आणि लेखकानें त्याला ‘फ्लेग्मॅटिक’ हें विशेषण लाविलें होतें. बहुतेकांनीं कोश पाहून ‘थंड स्वभावाचा’, ‘निर्विकार’, ‘मंद’ असे शब्द योजिले होते. एका विद्यार्थ्यानें मात्र ‘ते न्यायाधीश कफप्रकृतीचे गृहस्थ होते’ असें सरळ लिहून टाकिलें. तें वाक्य मोठ्यानें वाचतांच वर्गांत हंशा पिकला. कोणी खोकून दाखविलें, कोणी न्यायाधीशमहाराजांना सुंठीचा काढा देण्याची शिफारस केली. मीहि हंसलों. तो मुलगा मात्र हंसला नाहीं कीं रागावला नाहीं. त्यानें शांतपणें वही मिटली आणि तो बाहेर पाहूं लागला. घरीं जातांना वाटेंत माझ्या ध्यानांत आलें कीं, शब्दाचें कुळ पाहिलें तर साऱ्या वर्गांत बरोबर उत्तर लिहिणारा तो एकटाच होता.

ज्या माणसाच्या चेहऱ्यावर हर्षशोक उमटत नाहींत त्याला काय म्हणावें, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाहीं. आपल्या मराठींतच पाहावें. त्या एकाच माणसाला आपण प्रसंगपरत्वें ‘स्थितप्रज्ञ’ म्हणतों, ‘धीराचा’ म्हणतों, ‘थंड डोक्याचा’ म्हणतों; आणि मन जरा फिरलें कीं त्यालाच ‘मख्ख’, ‘ढिम्म’, ‘थंडोबा’ किंवा ‘दगड’ म्हणतों. माणूस तोच, चेहराहि तोच. बदलतें तें आपलें मत. इंग्रजींतहि हीच गोष्ट आहे. ‘स्टोइक’, ‘फ्लेग्मॅटिक’, ‘स्टॉलिड’ आणि ‘ॲपथेटिक’ हे चार शब्द एकाच चेहऱ्याला लावतां येतात. पण पहिला लाविला तर तो सत्कार होतो आणि शेवटचा लाविला तर आरोप होतो. यांपैकीं ‘फ्लेग्मॅटिक’ हा शब्द मधला, म्हणजे सत्कार आणि आरोप यांच्या सीमेवर उभा असलेला. म्हणून त्याचा इतिहास विशेष पाहण्यासारखा आहे. या शब्दाशीं माझा स्वतःचाहि एक जुना हिशेब आहे. तो लेखाच्या शेवटीं मांडीन.

प्रथम त्याच्या जन्माची गोष्ट. ग्रीक भाषेंत ‘फ्लेगेइन’ म्हणजे जळणें किंवा जाळणें. त्यापासून ‘फ्लेग्मा’ हें नाम झालें. होमरच्या ‘इलियड’च्या २१ व्या सर्गांत खवळलेल्या नदीशीं लढण्याकरितां हीरा देवी अग्निदेवाला उठविते, त्या ठिकाणीं ‘फ्लेग्मा’ हा शब्द येतो तो सरळ ज्वालेच्या अर्थानें. इंग्रजींतील ‘फ्लेम’ हा शब्दहि लॅटिनच्या द्वारें त्याच मूळ धातूकडे जातो असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे आज ज्याला आपण थंडपणाची सीमा समजतों तो शब्द जन्मानें अग्निकुळांतला आहे!

मग अग्नीचें नांव कफाला कसें मिळालें? शरीराचा एखादा भाग लाल होतो, सुजतो, तापतो. त्या दाहालाहि ग्रीक वैद्य त्याच धातूपासून झालेलें नांव देत. दाह झाला म्हणजे त्यांतून कांहीं पाझरतें. नाक चोंदतें, घसा धरतो, डोळे चुरचुरतात आणि मग पाणी वाहूं लागतें. अशा रीतीनें दाहाचें नांव दाहांतून निघणाऱ्या स्रावाला चिकटलें असावें. आपण त्याच विकाराला ‘सर्दी’ म्हणतों, आणि ती तर फारसींतील थंडी. इंग्रज माणूसहि ‘कोल्ड’च म्हणतो. एकाच वाहत्या नाकाला एकानें विस्तवाचें नांव दिलें आणि दुसऱ्यानें हिंवाचें. नांव देणारा वस्तूच्या कोणत्या बाजूनें उभा आहे त्यावर नांव ठरतें, हें येथेंच दिसून येतें.

ग्रीकांनाहि ही विसंगति खटकली होती. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत प्रॉडिकस नांवाचा एक पंडित होऊन गेला. समानार्थी वाटणाऱ्या शब्दांतील सूक्ष्म भेद काढून दाखविण्याचा त्याला मोठा नाद. प्लेटोनें आपल्या संवादांत त्याची या पायीं थट्टा केली आहे. गेलेन या वैद्यानें नमूद करून ठेविलें आहे कीं, प्रॉडिकसनें ‘फ्लेग्मा’ हा शब्द शरीरांतील जळलेल्या, अतितप्त अंशालाच लावावा असा आग्रह धरिला, आणि लोक ज्याला फ्लेग्मा म्हणत त्या पांढऱ्या चिकट द्रव्याला ‘ब्लेन्ना’ हें निराळें नांव वापरलें. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें त्याची बाजू निर्दोष होती. पण भाषा व्युत्पत्तीला विचारून चालत नसते. लोकांनीं प्रॉडिकसला मान दिला आणि शब्द मात्र आपल्याच अर्थानें चालविला. शब्दांच्या मास्तरांचें नशीब तेव्हांपासून फारसें बदललेलें नाहीं.

वैद्यकानें या अर्थावर शिक्कामोर्तब केलें. हिपोक्राटीसच्या नांवावर जो ग्रंथसंग्रह आहे त्यांत ‘मनुष्याची प्रकृति’ या विषयावर एक प्रबंध आहे. तो हिपोक्राटीसचा जामात पॉलिबस याचा मानितात आणि त्याचा काळ ख्रिस्तपूर्व ४०० च्या सुमाराचा धरितात. मनुष्यशरीरांत रक्त, कफ, पिवळें पित्त व काळें पित्त असे चार रस असून त्यांचें प्रमाण बरोबर असेल तर आरोग्य, बिघडेल तर रोग, असें त्यांत सांगितलें आहे. कफ हा सर्वांत थंड. प्रमाण काय? तर हात लावून पाहा! शिवाय हिंवाळ्यांत माणसें अधिक थुंकतात आणि अधिक नाक शिंकरतात, म्हणून हा रस हिंवाळ्याचा. याच संग्रहांतील अपस्मारावरील प्रबंधांत एक लक्षांत ठेवण्यासारखें वाक्य आहे. वेड पित्तानें लागलें तर रोगी ओरडतो, धांवतो. कफानें लागलें तर तो गप्प राहतो, असा त्याचा भावार्थ. शरीरांतील एका द्रव्याचा संबंध मनाच्या निःशब्दतेशीं जोडिला गेल्याचें हें एक फार जुनें उदाहरण होय. ‘फ्लेग्मॅटिक’ स्वभावाचें बीज येथें आहे.

याच ठिकाणीं आपल्या आयुर्वेदाकडे वळून पाहिल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. कोणीं कोणाकडून काय घेतलें या वादांत मला येथें शिरावयाचें नाहीं. दोन्ही शास्त्रांनीं एकाच द्रव्याविषयीं कोणता ग्रह करून घेतला एवढेंच पाहावयाचें आहे. आमच्याकडे दोष तीन. काळें पित्त नाहीं. कफाचें शास्त्रीय नांव ‘श्लेष्मा’, आणि तो शब्द ‘श्लिष्’ या धातूपासून, म्हणजे चिकटणें, आलिंगन देणें या अर्थाच्या धातूपासून आला आहे. ग्रीकानें ज्याला जळण्यावरून नांव दिलें त्याला आम्हीं मिठी मारण्यावरून दिलें! चरकसंहितेच्या विमानस्थानांत श्लेष्मल मनुष्याचें जें वर्णन आहे तें वाचून आपल्या वर्गांतील थट्टेखोरांना नवल वाटेल. हा मनुष्य कोणत्याहि कामाला हळू आरंभ करितो, हळू क्षुब्ध होतो, हळू चालतो, हळू बोलतो. परंतु तोच बलवान्, विद्यावान्, शांत आणि दीर्घायुषी होतो. शिवाय चरकांत असेंहि म्हटलें आहे कीं, कफ आपल्या स्वाभाविक स्थितींत असला म्हणजे त्याला ‘बल’ म्हणावें. बिघडला म्हणजे ‘मल’. एकाच द्रव्याचीं हीं दोन नांवें ध्यानांत ठेवावींत; पुढें हजारों मैलांवर आणि शेंकडों वर्षांनंतर एक जर्मन तत्त्वज्ञ जवळजवळ हेंच बोलणार आहे.

वाग्भटाचें निरीक्षण तर याहून मार्मिक आहे. ‘अष्टांगहृदया’च्या शारीरस्थानांत तो सांगतो कीं, कफप्रकृतीचा मनुष्य कधीं निष्ठुर बोलत नाहीं, पण एखाद्याशीं वैर धरिलें तर तें झांकून, घट्ट आणि दीर्घकाळ वाहतो. याचा अर्थ काय? ज्याचा चेहरा हलत नाहीं त्याला भावना नाहींत, असें वाग्भट मानीत नाहीं. त्याच्या मतें अशा माणसाची भावना वर येत नाहीं आणि लवकर जातहि नाहीं. श्लेष्मा चिकट आहे. जें त्याला लागतें तें लागूनच राहतें.

गेलेनची दृष्टि याच्या अगदीं उलट होती. तो इसवी सन १२९ मध्यें पर्गामम येथें जन्मला आणि पुढें रोमच्या बादशहाचा वैद्य झाला. चार रसांच्या कल्पनेला पुढें तेराचवदाशें वर्षें टिकणारें वजन मिळालें तें त्याच्यामुळें. ‘मनुष्याच्या प्रकृती’वरील आपल्या टीकेंत त्यानें रसांपासून उत्पन्न होणाऱ्या मनोधर्मांची वांटणी केली आहे. पिवळ्या पित्तापासून बुद्धीची तीक्ष्णता, काळ्या पित्तापासून स्थैर्य, रक्तापासून भोळसटपणा. आणि कफापासून? शील घडविण्याच्या कामीं कफाचा कांहीं उपयोग नाहीं, असा त्यानें निकाल दिला. तिघांच्या पदरीं बरावाईट कांहींतरी गुण पडला. चौथा रिकाम्या हातानें परत गेला. ‘फ्लेग्मॅटिक’ मनुष्य म्हणजे कांहींच नसलेला मनुष्य, ही समजूत येथून पक्की झाली.

गेलेनची विद्या अरबीत गेली तेव्हां ‘फ्लेग्मा’चा ‘बलगम’ झाला. इब्न सिना (९८०-१०३७) याच्या ‘कानून’ या ग्रंथांत चारहि रसांचें सविस्तर विवेचन आहे. तेंच शास्त्र मुसलमान हकीमांबरोबर हिंदुस्थानांत आलें आणि ‘यूनानी’ म्हणजे ग्रीक याच नांवानें दक्षिणेंत हैदराबादेपर्यंत नांदलें. या रसांच्या मिश्रणाला अरबीत ‘मिज़ाज’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थच ‘मिश्रण’. लॅटिनवरून आलेल्या इंग्रजी ‘टेम्परामेंट’ शब्दाचा मूळार्थहि तोच. हा ‘मिज़ाज’ आमच्या मराठींत आला आणि त्याची ‘मिजास’ झाली! वैद्यानें नाडी पाहून सांगावयाची गोष्ट आम्हीं ऐट आणि ताठा यांना देऊन टाकिली. बलगमी मिजाजाचा मनुष्य हा शास्त्राप्रमाणें सर्वांत थंड; मराठी माणसाला मात्र ‘मिजास’ हा शब्द ऐकतांच नाक वर केलेला मनुष्य दिसतो. शब्द प्रवासाला निघाले म्हणजे आपलें सामान कोठें टाकून देतील याचा नेम नसतो.

युरोपांतहि प्रवास चालूच होता. इटलींतील सालेर्नो येथील वैद्यकपीठाच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या आरोग्यविषयक लॅटिन पद्यांत कफप्रकृतीचा मनुष्य लठ्ठ, झोंपाळू, मंदबुद्धि आणि लाळ गाळणारा असा रंगविला आहे. फ्रेंचांतून हा शब्द चौदाव्या शतकांत इंग्रजींत आला तो याच अब्रूनिशीं. पुढें १५९८ मध्यें बेन जॉन्सनचें ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ हें नाटक रंगभूमीवर आलें, तोंपर्यंत शरीरांतील रसाचा वाचक असलेला ‘ह्यूमर’ हा शब्द माणसाच्या लहरीचा आणि विक्षिप्तपणाचा वाचक होऊन बसला होता. १६२८ मध्यें विल्यम हार्वेनें रक्ताभिसरणाचा शोध प्रसिद्ध केला, आणि पुढें हळूहळू चार रसांचें शास्त्र मोडकळीस आलें. शास्त्र गेलें, शब्द राहिले. घर पडलें तरी चौकटी शाबूत राहाव्या आणि लोकांनीं त्यांतूनच ये-जा करीत राहावें, तसें हें झालें.

मग या रिकाम्या चौकटींत एकेका माणसाऐवजीं सबंध राष्ट्रें उभीं करण्याची हौस सुरू झाली. इंग्रजांनीं डच लोकांना कफप्रकृतीचे ठरविलें आणि तें अर्थात् हिणविण्यासाठीं. फ्रेंचांनीं तोच शब्द इंग्रजांना लाविला. पण त्यांत थट्टेबरोबर आदरहि मिसळला. ‘ब्रिटिश फ्लेग्म’ हा फ्रेंचांतील एक रूढ वाक्प्रचारच होऊन बसला. त्याचें मूर्तिमंत चित्र म्हणजे ज्यूल व्हर्न याच्या १८७३ मध्यें ग्रंथरूपानें आलेल्या ‘ऐंशीं दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कादंबरीचा नायक फिलिआस फॉग. हा गृहस्थ मुंबईस बोटींतून उतरतो, आणि घारापुरीचीं वा कान्हेरीचीं लेणीं पाहण्याचें मनांतहि न आणितां पासपोर्टावर शिक्का मारून घेऊन स्टेशनावर जेवावयास बसतो. एका फ्रेंच लेखकानें इंग्रजाला घड्याळ करून सोडिलें आहे असें आपणांस वाटतें. पण हाच मनुष्य पुढें हिंदुस्थानच्या जंगलांत, आपली पैज आणि प्राण दोन्ही धोक्यांत घालून, सती जावयास लाविलेल्या एका तरुण विधवेला वांचवितो. घड्याळाच्या आंत कांहीं निराळेंच यंत्र चाललेलें होतें.

येथें एका गोष्टीचा उच्चार केल्यावांचून राहवत नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज अधिकाऱ्यांच्या व प्रवाशांच्या लिखाणांत हिंदी रयतेच्या शांतपणाचें वर्णन वारंवार येतें. दुष्काळ पडला, साथ आली, तरी हा मनुष्य आक्रोश करीत नाहीं हें त्यांना दिसे. परंतु त्याला ‘फ्लेग्म’ हा शब्द त्यांच्या लेखणींतून सहसा उतरत नसे. त्यासाठीं ‘ॲपथी’ आणि ‘फेटॅलिझम्’ हे शब्द राखून ठेविलेले होते. साहेब बंडाची बातमी ऐकून चहाचा पेला खालीं ठेवीत नाहीं तो त्याचा करारीपणा. कुणबी करपलेल्या शेताच्या बांधावर न बोलतां बसून राहतो तो त्याचा दैववाद! दोघांचे चेहरे सारखेच स्थिर होते. शब्द निराळे झाले, कारण एकाच्या मागें सत्ता होती आणि दुसऱ्याच्या मागें नव्हती. याहून वाईट हें कीं, इंग्रजी शिकून आम्हीं सुशिक्षितांनींहि आपल्याच माणसांना तेच शब्द लाविले.

‘ॲपथी’ हा शब्द तरी मूळचा एवढा हीन कोठें होता? ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास सायप्रस बेटांतील सिटियमचा झेनो अथेन्सच्या चित्रांकित ओसरींत, ‘स्टोआ’त, बसून शिकवूं लागला, त्या ओसरीवरून त्याच्या संप्रदायाला ‘स्टोइक’ हें नांव पडलें. ‘अपाथेइया’ हें त्यांचें परम ध्येय. म्हणजे विवेकाला झुगारून देणाऱ्या विकारांपासून मुक्ति. सर्व भावनांचा नाश असा त्याचा अर्थ नव्हता. आनंद, सावधपणा आणि सदिच्छा या भावना ज्ञानी पुरुषालाहि उचित आहेत असें ते मानीत. सेनेकाला हा ग्रीक शब्द लॅटिनांत उतरविण्याची अडचण पडली तेव्हां त्यानें एका पत्रांत ती मोकळेपणानें सांगितली आहे. शब्दशः भाषांतर करावें तर ‘इम्पाशेन्शिया’ होतें, आणि त्याचा अर्थ लोक नेमका उलटा, म्हणजे कांहींच सोसूं न शकणारा, असा घेतील! आणि लगेच तो मुद्द्याचें बोलतो : इतर कांहीं पंथांचा ज्ञानी पुरुष दुःख जाणीतच नाहीं, आमचा जाणतो, पण त्याला जिंकतो. ‘न जाणणें’ आणि ‘जाणून जिंकणें’ यांमधील हें अंतर पुढें लोक विसरले, आणि ‘अपाथेइया’ची ‘ॲपथी’ होऊन तो सुस्तपणाचा पर्याय बनला.

स्टोइक पंथाचा सर्वांत थोर अनुयायी मार्कस ऑरेलियस बादशहा. गेलेन ज्याचा वैद्य होता तो हाच. तरुणपणीं आपल्या एका शिक्षकाच्या मृत्यूनें तो रडूं लागला, आणि राजवाड्यांतील सेवक त्याला आंवरूं लागले. तेव्हां त्याचा दत्तक पिता अँटोनायनस पायस यानें सेवकांनाच थांबविलें. त्याला माणूस होऊं द्या, तत्त्वज्ञान काय किंवा साम्राज्य काय, कोणीहि माणसाची ममता काढून घेत नाहीं, अशा आशयाचें तो बोलला, असें त्याच्या प्राचीन चरित्रांत दिलें आहे. स्टोइकांच्या मुकुटमण्याच्या चरित्रांत हे अश्रू नोंदलेले आहेत हें विसरतां कामा नये.

आतां तो जर्मन तत्त्वज्ञ. इमान्युएल कांट यानें १७६४ मध्यें सुंदर व उदात्त यांविषयीं एक प्रबंध लिहिला आणि त्यांत चार स्वभावांचा विचार केला. तीन स्वभावांना त्यानें आपापला वांटा दिला. कफप्रकृतीच्या माणसांत सौंदर्याचा वा उदात्ततेचा विशेषसा अंशच नाहीं, म्हणून त्याचा विचार येथें कर्तव्य नाहीं, असें म्हणून त्याला बाजूला सारिलें. म्हणजे सोळाशें वर्षांनंतरहि गेलेनचाच निकाल कायम! परंतु ३४ वर्षांनंतर, १७९८ मध्यें, वृद्ध कांटनें मानवस्वभावशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हां त्याचें मत पालटलें होतें. कफाचे त्यानें दोन प्रकार केले. एक दुर्बलता म्हणून, आणि तो म्हणजे केवळ आळस. दुसरा सामर्थ्य म्हणून. अशा मनुष्याला ऊब यावयास वेळ लागतो, पण एकदां आलेली ऊब तो दीर्घकाळ राखतो. तो सहसा रागावत नाहीं. आधीं आपण रागवावें कीं नाहीं याचा विचार करितो. आणि हा दैवदत्त स्वभाव त्याला व्यवहारांत शहाणपणाच्या जागीं उपयोगी पडतो. ‘बल’ आणि ‘मल’! चरक जें दोन शब्दांत सांगून गेले तेथें युरोपचा सर्वश्रेष्ठ बुद्धिमान पुरुष आयुष्याच्या अखेरीस येऊन पोंचला.

विसाव्या शतकांतील शास्त्रज्ञांनीं रस सोडून दिले, पण स्वभावाचें हें कोडें सोडिलें नाहीं. पाव्हलोव्हनें आपल्या कुत्र्यांच्या मज्जासंस्थेचे प्रकार पाडतांना जुनींच चार नांवें घेतलीं. त्यांत ‘फ्लेग्मॅटिक’ कुत्रा हा दुर्बल नव्हे, तर बलवान्, समतोल आणि सावकाश असा ठरला. आयसेंकनें आपल्या मापनांत या स्वभावाला अंतर्मुख पण स्थिर मनाच्या माणसाची जागा दिली. १९७३ मध्यें सिफ्निओस या वैद्यानें, स्वतःच्या भावना ओळखून त्यांना शब्द देतां येत नाहींत अशा रुग्णांच्या अवस्थेला एक नवें नांव दिलें. तेथें भावना नसतात असें नव्हे, शब्द नसतात. आणि १९९३ मध्यें ग्रॉस व लेव्हन्सन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. किळस आणणारें चित्रपट पाहतांना कांहीं जणांना, चेहऱ्यावर कांहींहि दिसूं देऊं नका, असें सांगितलें. चेहरे स्थिर राहिले. पण त्वचेवरील घामासारख्या खुणांनीं आंतील चेतना इतरांपेक्षां अधिक वाढल्याचें दाखविलें. किळस वाटल्याचें मात्र त्यांनींहि इतरांइतकेंच सांगितलें. दार लावून घेतल्यानें घरांतला विस्तव विझत नाहीं.

हें सत्य आमच्या विदर्भांतील एका कवीनें आठव्या शतकांत ओळखिलें होतें. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकाच्या आरंभीं रामाच्या शोकाचें जें वर्णन आहे त्यांत वैद्यकांतलीच उपमा आहे. औषध मातीच्या संपुटांत बंद करून, वर लेप देऊन, विस्तवांत ठेवितात. बाहेरून मडकें अभंग दिसतें. आंत सारें रटरटत असतें. गंभीरपणामुळें न फुटलेला रामाचा शोक तसा आहे. राजा दरबार चालवितो, यज्ञ करितो. प्रजेला त्याचा चेहरा ‘निर्विकार’ दिसतो. ग्रीकांच्या थंड शब्दाच्या पोटांत जी ज्वाला लपलेली आहे ती येथें भवभूतीच्या मडक्यांत सांपडते.

आतां माझा हिशेब. माझे थोरले काका एका तालुक्याच्या गांवीं तहसील कचेरींत अव्वल कारकून होते. त्यांचा एकुलता एक मुलगा बावीस वर्षांचा होऊन चार दिवसांच्या तापानें गेला. मी तेव्हां कॉलेजच्या पहिल्या वर्षांत होतों. काकांनीं सर्व क्रियाकर्म यथासांग केलें. आल्यागेल्यांची जेवणाची विचारपूस केली, आणि चौदाव्या दिवशीं धुतलेला सदरा घालून ते कचेरींत गेले. त्यांच्या डोळ्यांस पाणी आलेलें कोणीं पाहिलें नाहीं. बायका माजघरांत कुजबुजल्या कीं, माणूस कीं दगड! मला ‘दगड’ हा शब्द अडाणीपणाचा वाटला. मीं नुकताच एक नवा शब्द शिकलों होतों. मित्राला लिहिलेल्या पत्रांत मीं मोठ्या ऐटीनें लिहिलें कीं, आमचे काका पक्के ‘फ्लेग्मॅटिक’ आहेत.

त्यानंतर काका वीस वर्षें जगले. प्रत्येक दिवाळींत मी त्यांच्याकडे जात असें. पावसापाण्याचें, पेन्शनीचें, माझ्या बदलीचें बोलणें होई. त्या मुलाचें नांव मीं एकदांहि काढिलें नाहीं. काढावयाचें कशाला? ज्याला कांहीं वाटत नाहीं त्याला काय विचारावयाचें! शब्दानें माझें काम संपवून टाकिलें होतें. काकांच्या मनांत काय होतें तें मला आजहि ठाऊक नाहीं. कदाचित् मडकें रिकामें असेल, कदाचित् भरलेलें असेल. तें पाहण्यासाठीं मला वीस वर्षें मिळालीं होतीं, आणि तीं एका इंग्रजी विशेषणानें खाल्लीं.

म्हणून दुसऱ्या दिवशीं मीं वर्गांत जाऊन प्रथम माझें हंसणें परत घेतलें, आणि वर लिहिलेला इतिहास थोडक्यांत सांगितला. त्या विद्यार्थ्याला उभें करून विचारिलें, “हा शब्द तुला कोणत्या कोशांत मिळाला?” तो म्हणाला, “कोशांत नाहीं, सर. उताऱ्यांतला माणूस कसा आहे तें वाचलें, आणि आमचे आजोबा असल्या माणसाला जें म्हणतात तें लिहिलें. आजोबा वैद्यकी करितात.” मीं विचारिलें, “आजोबा तें चांगल्या अर्थानें म्हणतात कीं वाईट?” त्यानें थोडा विचार केला. “माणूस पाहून ठरवितात, सर,” तो म्हणाला.

त्या वाक्याचे कापलेले गुण मीं त्याला परत दिले.